मिस्त्रीची करंगळी

मिस्त्रीच्या उजव्या हाताची करंगळी कायम काळी असायची. साबण झाला, रॉकेल झालं, बायकोने भांडी घासायची पूड लावून बघितली, पण नखाच्या कडेचा काळा रंग काही हटत नव्हता. लग्नात नवरीच्या मैत्रिणींनी त्या बोटावरून त्याची एवढी फिरकी घेतली, की फोटो काढायच्या वेळी त्याने हात सरळ खिशात घातला. भिंतीवरच्या फोटोत नवरदेव अजून तसाच उभा आहे, खिशातली सुटी नाणी चाचपत असल्यासारखा. बायको पुढे आयुष्यभर म्हणायची, "माझ्या शेजारी उभं राहून यांचा हात कुठे तर खिशात."

तो काळा रंग तेलाचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा होता. मिस्त्री पलटणीच्या शस्त्रागारात हत्यारं सांभाळायचा, दुरुस्त करायचा. नव्या बंदुका आल्या तशा त्या दुसऱ्या खोलीत गेल्या, तिथे नवी माणसं आली. मिस्त्रीकडे राहिल्या त्या जुन्या, लाकडी दस्त्याच्या, दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायला लावणाऱ्या, मागच्या लढाईतल्या रायफली. त्यांनी आता कुणी लढत नव्हतं. नव्या भरतीला शिस्त लावायला त्या बाहेर निघायच्या, कधी चांदमारीच्या नेमबाजीला, आणि पलटणीतलं कुणी वारलं की शेवटच्या सलामीला. बाकी दिवस रॅकमध्ये साखळी घालून उभ्या. लोक म्हणायचे, मिस्त्री आणि त्याच्या म्हाताऱ्या. मिस्त्री म्हणायचा, "म्हाताऱ्या म्हणा, पण जरा लांबून म्हणा. त्या अजून चावतात."

रायफल भरायला शिकवायचा उस्ताद आणि रिकामी करायला शिकवायचा मिस्त्री. ही वाटणी त्यांनी तरुणपणीच करून टाकली होती. उस्ताद म्हणजे पलटणीचा कवायत शिकवणारा. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ओरडला तर त्या टोकाच्या माणसाची पाठ ताठ व्हायची. दोघे एकाच दिवशी भरती झालेले, एकाच खोलीत राहिलेले, एकमेकांच्या संसारात नको तितकं नाक खुपसणारे. उस्ताद पोरांना शिकवायचा, की पट्टीत काडतुसं लावताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे, मागे राहिली तर ऐन वेळी अडकेल आणि बोल्टशी झोंबत बसाल. पट्टी वरून लावा, अंगठा मुळाशी ठेवा, एका दाबात सगळी खाली. पोरांना हे फार आवडायचं. मग उस्ताद त्यांना मिस्त्रीकडे पाठवायचा आणि जाता जाता सांगायचा, "भरणं कुणालाही येतं रे. आता जा, माणूस व्हायला शिका."

मिस्त्रीचं शिकवणं कंटाळवाणं होतं. नळी वाळूच्या पिंपाकडे. आधी मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायचं, मग बोल्ट ओढायचा, आणि हा क्रम झोपेतसुद्धा चुकवायचा नाही. उलट केलंत तर पुढे जाताना बोल्ट मॅगझीनमधलं वरचं काडतूस उचलतो आणि गुपचूप नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, नेऊन ठेवतो. तुम्ही मॅगझीन हातात धरून निश्चिंत, आणि मृत्यू आत बसलेला. बोल्ट मागे आला की चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं. बघून झालं की करंगळी आत घालायची. बोटाला चेंबरची मोकळी गोल कड लागली, की तोंडाने म्हणायचं, "रिकामी." मग मिस्त्री स्वतःची करंगळी घालणार आणि म्हणणार, "रिकामी." दोन बोटं, दोन तोंडं. त्याशिवाय बोल्ट बंद होणार नाही आणि रायफल रॅकमध्ये जाणार नाही.

एखादं पोरगं विचारायचंच, "मिस्त्री, दिसतंय ना डोळ्यांनी, मग बोट कशाला?"

मिस्त्री त्याला बोल्टच्या तोंडावरचा हूक दाखवायचा. नखाएवढा पोलादाचा तुकडा. काडतुसाची कड पकडून त्याला बाहेर खेचणं एवढंच त्याचं काम. म्हातारी झाली की तो झिजतो. मग बोल्ट मागे येतो, पण काडतूस आतच राहतं, काळवंडलेलं, अंधारात अंधारासारखं. बोल्ट मागे आलाय म्हटल्यावर मनाने ठरवलेलं असतं की आत काही नाही, आणि मनाने ठरवलं की डोळा त्याचीच री ओढतो.

हे तो पुस्तकातून शिकला नव्हता. तो आणि उस्ताद भरतीत असताना त्यांच्या खोलीत तिसरा एक होता, लांब्या. हसरा, बेसूर गाणारा, दोघांच्या मध्ये खाट असलेला. चांदमारीहून आल्यावर एका जुन्या, जाणत्या हवालदाराने त्याची रायफल बघितली, "रिकामी आहे, पूस" म्हणाला आणि पुढे गेला. तो खोटं बोलला नव्हता. त्याने खरंच बघितलं होतं. लांब्या नळीत डोकावून फडक्याचा धागा अडकलाय का ते बघत होता आणि दस्ता त्याच्या दोन पायांत होता. चाप कशाला लागला ते कुणालाच कळलं नाही. मिस्त्री हाताच्या अंतरावर बसला होता. त्यानंतर बरेच दिवस तो आणि उस्ताद एकमेकांशीसुद्धा बोलले नाहीत. बोलले तेव्हा दोन बोटांचा नियम ठरवूनच बोलले. पुढे तो पलटणीचा नियम झाला, आणि नियम झाल्यावर तो कुणाच्या मरणातून आला ते सगळे विसरले. हे दोघे सोडून.

घरी मात्र या नियमाने उच्छाद मांडला होता. बायकोने गॅस बंद केला की मागून मिस्त्री जाऊन बटण चाचपणार. कुलूप तिने ओढून बघितलं की तो पुन्हा ओढणार. सुरुवातीला ती चिडायची. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"विश्वास आहे म्हणूनच भीती वाटते," मिस्त्री म्हणायचा. "परक्याचं माणूस तपासतंच. आपल्याच माणसाचं राहून जातं."

एकुलती एक लेक या सगळ्यात वाढली. दुधाचा पेला संपला की करंगळी आत घालायची आणि मोठ्याने ओरडायची, "रिकामी!" मग बापाने आपली करंगळी घालून "रिकामी" म्हणेपर्यंत पेला सोडायची नाही. एकदा तळाशी घोटभर दूध ठेवून तिने "रिकामी" म्हटलं आणि बापाने बोट न घालताच री ओढली. ती एवढी हसली, की ठसका लागला. "बाबा फसले! बाबा फसले!" मिस्त्री मात्र हसला नाही. त्या दिवसापासून त्याने तिच्या पेल्यातही दर वेळी बोट घातलं. मोठी झाल्यावर ती त्याच शस्त्रागारात त्याच्याच हाताखाली लागली. बायकोने डोक्यावर हात मारून घेतला आणि म्हणाली, आता घरात दोन काळ्या करंगळ्या.

साखरेचा आजार मिस्त्रीकडे पाहुण्यासारखा आला आणि घरचा झाला. आधी पायाची बोटं बधिर झाली. ते त्याने कानामागे टाकलं. पायाच्या बोटांवर कुणाचा जीव अवलंबून नव्हता. मग एका सकाळी चहाची गरम किटली उचलून ठेवली आणि बायको किंचाळली. "अहो, बोट बघा!" करंगळीच्या टोकाला टरारून फोड आला होता. मिस्त्रीने त्या फोडाकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं बघितलं. त्याला काहीच लागलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नसा गेल्यात, आता जेवढं उरलंय तेवढं सांभाळा. मिस्त्रीने घरी आल्यावर बायकोला सांगितलं, "पलटणीत याबद्दल ताकास तूर लागू द्यायची नाही." तिने लेकीकडे बघितलं, लेकीने पायाकडे बघितलं. तिघांनीही त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही. माणूस आपल्या घरात असं काही झाकून ठेवतो तेव्हा त्याला वाटतं, झाकण आपणच ठेवलंय. खरं तर सगळे मिळून धरून बसलेले असतात.

नंतर शस्त्रागारात तो करंगळी आत घालायचा तेव्हा बोटाला काहीच कळायचं नाही. कड आहे की पितळ आहे, गार आहे की गरम. तो बोट घालायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "रिकामी." तो कामचुकार होता म्हणून नाही, आणि लबाड तर मुळीच नव्हता. त्याला वाटायचं, जिवाला तर कळेल. इतकी वर्षं जे बोट सांगत होतं ते आता मन सांगेल. आणि खरंच काही वाकडं झालं नाही. ना एका चांदमारीत, ना एका सलामीत. मिस्त्रीची छाती पुन्हा फुगली.

सलामीच्या दिवसाची गोष्ट वेगळी होती, ती आधी सांगायला हवी. त्या दिवशी शिपायांच्या हातात पांढरे हातमोजे असतात. मोज्याचं बोट चेंबरमध्ये जात नाही, आणि गेलं तरी त्याला कळत नाही. म्हणून त्या दिवशी पहिलं बोट नसतंच; रांगेतून फिरणाऱ्या मिस्त्रीचं एकच बोट. रिकामी म्हटलं की शिपाई बोल्ट बंद करतो, पण चाप दाबून घेत नाही. गेलेल्या माणसासमोर तो पोकळ टक् आवाज नको, तो नंतर शस्त्रागारात, असा पलटणीचा रिवाज. मग रायफल उलटी करून नळीचं तोंड आपल्याच बुटावर टेकवायचं, दस्त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मान खाली घालून उभं राहायचं, घरचे लोक येऊन जाईपर्यंत. बोल्ट बंद होताना ताणलेली स्प्रिंग आणि बुटावर नळी. म्हणजे सगळी भिस्त मिस्त्रीच्या करंगळीवर.

सलामीचा हुकूम द्यायचा उस्ताद. मिस्त्री रांगेतून फिरला, की अलीकडे मागोमाग उस्ताद एका हाताचा मोजा काढून स्वतः फिरायचा, दर चेंबरमध्ये बोट घालून. पोरं हळूच हसायची, म्हाताऱ्याला भारी हौस. मिस्त्रीलाही तसंच वाटायचं. आपला दोस्त आता उतारवयात किरकिऱ्या झालाय, करू दे.

मग उस्ताद अंथरुणाला खिळला. छातीचा आजार होता. तो मोठा आवाज आत आत जात शेवटी खोलीपुरताच उरला. मिस्त्री रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचा. वहिनी, म्हणजे उस्तादाची बायको, खिडकीपाशी खुर्ची लावून ठेवायची. दोघे पलटणीतल्या अर्ध्या लोकांची नक्कल करायचे आणि उरलेल्या अर्ध्यांना नावं ठेवायचे. एक दिवस उस्तादाने वहिनीला बाहेर पाठवलं आणि म्हणाला, "गड्या, एक बोलायचंय. रागावणार तू."

"मग बोलू नकोस."

"आता बोट घालणं सोड."

मिस्त्री हसला. "कसलं बोट?"

"ते कळत नाही तुला. किटलीने भाजलं तेव्हाच तुझ्या बायकोने मला सांगितलं. तेव्हापासून मी तुझ्या मागून फिरतोय. हौस नव्हती मला."

मिस्त्रीला राग आला, आधी बायकोचा, मग उस्तादाचा, आणि सगळ्यात जास्त त्या मोज्याचा, जो उस्ताद एवढ्या शांतपणे बोटाबोटाने काढायचा. "म्हणजे इतके दिवस तू माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"पाळत नाही रे. दुसरं बोट. आपला नियमच आहे ना?"

"एकदा तरी सापडलं का काही? सांग. एकदा तरी?"

"नाही सापडलं."

"मग?"

उस्तादाने डोळे मिटले. "लांब्याच्या वेळी त्या हवालदारालाही आधी कधी सापडलं नव्हतं."

हे बोलायला नको होतं, असं मिस्त्रीला वाटलं. खरं असलं तरी नको होतं. तो उठला. दारात उभा राहून म्हणाला, "तू मेल्याशिवाय तर मी सोडत नाही, जा."

उस्ताद खोकत खोकत हसला. "मग थोडाच वेळ कळ काढायचीय."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशीही गेला नाही. रुसला होता, पन्नाशी उलटलेला माणूस, शाळकरी पोरासारखा. चौथ्या दिवशी त्याने ठरवलं की आज जायचं, आणि रस्त्यात उस्तादाची आवडती विडी घेतली, जी त्याला आता कुणीच ओढू देणार नव्हतं. उस्तादाच्या घरासमोर चपला दिसल्या, खूप चपला. विडीचं बंडल खिशातच राहिलं.

सलामी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ठरली. बायको त्याच्या कोटाची बटणं लावता लावता म्हणाली, "आज राहू द्या ना. पोर करेल. तुम्ही वहिनींजवळ बसा."

"त्याला शेवटचं मी करणार. दुसरं कोण करणार?"

"अहो, बोट..."

"एक शब्द नको."

लेक दारात गणवेशात उभी होती. तिने फक्त हातमोजे घातले नव्हते, ते पट्ट्यात खोचले होते. मिस्त्रीच्या ते लक्षातही आलं नाही.

मैदानावर उस्तादाला आणलं तेव्हा उन्हं उतरली होती. ज्या मैदानावर त्याने आयुष्यभर लोकांना ताठ उभं केलं, तिथे तो एकटाच आडवा होता. वहिनी पुढच्या खुर्चीवर, तिच्यामागे मिस्त्रीची बायको. हुकूम द्यायला नवा साहेब होता, चांगला पोरगा, आवाज मात्र पातळ. मिस्त्रीच्या मनात आलं, उस्ताद असता तर म्हणाला असता, जेवला नाहीस का रे सकाळी? आणि त्याचे ओठ हलले, शेजारी सांगायला. शेजारी कुणी नव्हतं.

सलामीची काडतुसं पोकळ असतात, गोळी नसलेली, तोंड चिमटून बंद केलेली. ती मॅगझीनमधून नीट सरकत नाहीत, म्हणून एकेक हाताने भरतात. पहिली फैर झाली. झाडांतले पक्षी उडाले. दुसरी झाली. तिसरीला वहिनीने कान झाकले. जळक्या दारूचा धूर मैदानावरून सरकत गेला आणि मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं खापर त्याने धुरावर फोडलं.

"बोल्ट खोल!"

खटाखट बोल्ट मागे आले. मिस्त्री रांगेच्या टोकाशी गेला. पहिल्या रायफलीत बघितलं, करंगळी घातली. "रिकामी." दुसरीकडे सरकला तेव्हा मागून तोच शब्द आला, हळू, बायकी आवाजात. "रिकामी."

त्याने वळून बघितलं. लेक उघड्या हाताने उभी होती. करंगळीचं टोक काळं.

"हे काय चाललंय?" तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"उस्तादकाकांनी सांगितलंय."

म्हणजे तिलाही. म्हणजे त्याने जाण्याआधी सगळी व्यवस्था लावली होती आणि एकट्या मिस्त्रीलाच ठाऊक नव्हती. सगळ्या पलटणीसमोर पोटची पोर बापाच्या मागून बोट घालत फिरतेय. कानशिलं तापली, पण तिथे तमाशा करता येत नव्हता. तो पुढे सरकला. "रिकामी." मागून, "रिकामी." त्याने मुद्दाम आवाज चढवला. "रिकामी!" मागून तेवढ्याच शांतपणे, "रिकामी." उस्तादा, बघ, तो मनात म्हणत होता. बघ, प्रत्येक. आतासुद्धा नाही सापडत काही.

रांगेच्या शेवटाकडे एक अगदी कोवळा शिपाई होता. त्याची रायफल जुन्यातली जुनी, हूक बदलायला टाकायचं मिस्त्रीच्या कधीपासून मनात होतं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. पहिलीच सलामी असेल, मिस्त्रीला वाटलं. त्याने बघितलं. धूर, उतरतं ऊन, काळोखी. करंगळी घातली, थांबला.

"रिकामी."

पुढच्या माणसापाशी पोचला तरी मागून शब्द आला नाही.

त्याने मान वळवली नाही. लेकीचा श्वास ऐकू येत होता. तिने बोट काढलं असेल, पुन्हा घातलं असेल. ती त्याला हळूच खुणावू शकली असती. कानात सांगू शकली असती. पण त्यानेच तिला शिकवलं होतं, लहान असल्यापासून, पेला हातात घेऊन: बोटाला जे लागलं ते मोठ्याने म्हणायचं, समोर कुणीही असो.

"भरलेली," लेक म्हणाली.

आवाज फुटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. मिस्त्रीच्या बोटानंतर हा शब्द त्या मैदानावर कधीच कुणी उच्चारला नव्हता. नव्या साहेबाने "कुणी हलू नका" म्हटलं, तेव्हा तसंही कुणी हलत नव्हतं. लेकीने रायफल स्वतःच्या हातात घेतली, नळी आभाळाकडे धरली, बोल्ट पुढे दाबून पुन्हा जोरात मागे ओढला. एकदा काही आलं नाही. दुसऱ्यांदा हुकाने कड धरली आणि पोकळ काडतूस गवतावर पडलं. त्याच्या बुडाच्या टोपीवर टोचणीची खूण होती, तोंडाचा चिमटा तसाच मिटलेला. दारू आत जशीच्या तशी.

तिसऱ्या फैरीला त्या कोवळ्या शिपायाचं काडतूस उडालं नव्हतं, सगळ्यांच्या आवाजात ते खपून गेलं होतं. बोल्ट ओढला तेव्हा काही पडलं नाही, त्याला वाटलं पडलं असेल गवतात. उस्तादाच्या सलामीत माझी रायफल वाजली नाही, असं हात वर करून सांगायचा धीर त्याला झाला नव्हता. आणखी थोड्या वेळात त्याने बोल्ट बंद करून ती नळी आपल्या पायावर टेकवली असती. नळी टेकलेली असताना उडालं तर पोकळ काडतूसही पाय शाबूत ठेवत नाही.

"रिकामी," लेक म्हणाली, आणि बापाकडे न बघता पुढच्या रायफलीकडे गेली.

बाकीचं सगळं व्हायचं तसं झालं. बोल्ट बंद झाले, नळ्या बुटांवर टेकल्या, माना खाली गेल्या. मिस्त्रीचीही गेली. त्याला ओरडून रडावंसं वाटत होतं आणि ज्याच्या गळ्यात पडून रडायचं तोच समोर आडवा होता. तू म्हणाला होतास, एवढंच त्याला उस्तादाला सांगायचं होतं. दोन-तीन दिवस आधी सांगता आलं असतं, विडी पुढे करून, शिव्या खाऊन. त्या दोन संध्याकाळी तो घरी बसून भिंतीकडे बघत होता.

मग बापलेक शस्त्रागारात परतले. तिने रायफली एकेक करून टेबलावर घेतल्या, नळी वाळूच्या पिंपाकडे धरून चाप दाबून घेतले, नळ्यांतून गज फिरवला. त्याने तेलाची फडकी घड्या घालून ठेवली, जी आधीच घडी घातलेली होती. शेवटी ती जुनी राहिली. लेकीने बोल्ट मागे घेतला, आत बघितलं, करंगळी घातली.

"रिकामी," ती म्हणाली आणि थांबली.

नियमाने आता त्याची पाळी होती. मिस्त्री पुढे झाला. करंगळी आत घातली, सवयीने, जितकी जायची तितकी. बोट आत होतं आणि बोटाला काहीच नव्हतं. ना पोलाद, ना तेल, ना गारवा. आयुष्य ज्याच्यावर काढलं ते बोट त्याने बाहेर काढलं आणि उजेडात धरून बघितलं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "म्हणा ना. मी बघितलंय नीट."

"तू बघितलंयस गं. मला नाही कळत." त्याचा आवाज खाली उतरला. "कितीतरी दिवस नाही कळत मला, पोरी."

तिचे डोळे भरले. तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं, गालावर काळा डाग उमटला. बोल्ट तिने बंद केला नाही. रायफल तशीच उघडी टेबलावर ठेवून ती दारापाशी गेली आणि बाहेरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. "जरा आत ये. एक बोट हवंय."

पहारेकऱ्याने दारातून डोकावलं आणि गोंधळून विचारलं, "मिस्त्री आहेत की आत."

"आहेत," लेक म्हणाली. "तरी ये."

मिस्त्री भिंतीला सरकला आणि त्याला यायला वाट करून दिली.